मानेचं जुनं दुखणं आणि हलकी सायकल: नक्की कुठली घ्यावी?

पिंपळपान

मंडळी, सायकल बदलायची आहे आणि काही ठरतच नाहीये म्हणून हा धागा.

मला मानेचा त्रास बरीच वर्षं आहे. पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी झिजलीय, डॉक्टर म्हणतात ऑपरेशन वगैरे काही नको, व्यायाम करत रहा आणि हालचाल बंद करू नका. काम दिवसभर कॉम्प्युटरवर. सायकल मला मनापासून आवडते, रोज ऑफिसला तीच नेते आणि सुट्टीला जरा लांब चक्कर मारते. ती सोडायची नाहीये हे आधीच सांगून ठेवते, कारण घरचे सगळे तेच सुचवतात.

सध्याची सायकल जाड टायरची, पुढे शॉकअपवाली, चांगलीच जड. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खाली ठेवायला जागा नाही, म्हणजे रोज जिना आलाच. संध्याकाळी वर पोचेपर्यंत मान आणि उजवा खांदा ताठून गेलेले असतात. दुकानदार म्हणतो हलकी घ्या, त्रास जाईल. त्याने एक वाकड्या हँडलची रोड बाइक दाखवली, साडेनऊ किलोची, एका हाताने उचलली गेली आणि मी तिथेच विरघळले. दुसरी सरळ हँडलची हायब्रीड आहे, बारा किलोच्या आसपास. हलकी सायकल घेतल्याने मानेला खरंच फरक पडतो का? ज्यांची मान दुखते आणि तरी सायकल चालवतात त्यांनी प्लीज लिहा.

टिवल्याबावल्या

माणसाचं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं. ते हलकं करायची सोय असती तर धाग्याची गरजच पडली नसती :)
रुमाल टाकून ठेवतो, मलाही याच वर्षी घ्यायचीय.

चढउतार

डोळे मिटून हलकी घ्या. हलक्या सायकलवर बसलं की जाणवतंच ते, सिग्नलला थांबून परत निघताना, चढावर, सगळीकडे. जड सायकल ओढायला खांद्यातून जोर लावावा लागतो आणि तोच जोर मानेत जातो. रोड बाइकच्या हँडलवर हात ठेवायच्या तीन-चार जागा मिळतात हाही फायदा, सरळ हँडलवर तासभर हात एकाच जागी अडकतात.

मणकेदार

पिंपळपान, तुमचं वाचून माझंच कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. माझंही पाचव्या-सहाव्या मणक्याचंच आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चढउतार म्हणतात ते हातांच्या जागांचं बरोबर आहे, पण मानेचा हिशोब वेगळा आहे. सायकल किती किलोची हे मानेला चालवताना कळतच नाही, ते वजन चाकांवर असतं. मानेला कळतं ते आपण किती वाकलोय. पुढे वाकलं की पाठ आडवी होते पण नजर तर रस्त्यावर हवी, मग हनुवटी वर काढून मान मागे मोडून बघावं लागतं. मान अशी मागे गेली की मणक्यांमधून नस बाहेर पडते ती जागा अजून अरुंद होते. ज्याची गादी आधीच झिजलीय त्याला हे दहा मिनिटं चालतं, पाऊण तासाने खांद्यात कळ यायला लागते. त्या साडेनऊ किलोच्या रोड बाइकवर बसलात तर तुमचं डोकं सगळा वेळ त्याच अवस्थेत राहणार. मला हे फिजिओने आरशासमोर बसवून दाखवलं तेव्हा पटलं.

म्हणून दुकानात वजन विचारायच्या आधी दोन मापं बघा. एक, सीटपासून हँडल किती लांब आहे. दोन, हँडल सीटच्या वर आहे की खाली आणि किती. माझं हँडल सीटपेक्षा थोडं वर आहे, कोपर सैल वाकलेलं राहतं आणि समोर बघायला हनुवटी उचलावी लागत नाही. सायकल तेरा किलोच्या पुढे आहे आणि मी आरामात लांब जातो.

वेलांटी

मणकेदार यांना अनुमोदन. पण जिन्याचं काय? ती तर म्हणतेय की त्रास वर चढवताना होतो. तिथे वजनच नडतं ना.

सैलचेन

मला वाटतं इथे दोन वेगवेगळी दुखणी एकत्र झालीत. चालवताना होणारं आणि उचलताना होणारं. पिंपळपान ताई, तुम्ही हे आधी सांगा, सुट्टीच्या दिवशी लांब जाऊन आल्यावर (जिना चढायच्या आधी) मान कशी असते? आणि खांद्यावर टाकून नेता की हातात धरून?

पिंपळपान

सैलचेन, चांगला प्रश्न. लांब जाऊन आल्यावर मान आखडते, पण ते बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतं. जिन्याचं मात्र लगेच. खांद्यावर टाकूनच नेते, उजव्या, मधला दांडा खांद्यावर घेऊन.

मणकेदार, तुम्ही लिहिलंत तसं आरशासमोर खुर्चीत पुढे वाकून बघितलं. अगदी तसंच होतं, हनुवटी आपोआप वर जाते.

ऊनसावली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे थोडं लिहितेच.

खांद्यावर सायकल टाकली की तो खांदा कानाकडे चढतो आणि तोल सांभाळायला मान दुसऱ्या बाजूला कलते. मानेपासून खांद्यापर्यंतचा जो मोठा स्नायू आहे तो आधीच दिवसभर कॉम्प्युटरपुढे आकसलेला असतो, त्यावर हा दांडा येतो. इथे वजन कमी झालं तर फायदा होईलच. पण धरायची पद्धत बदलली तर त्याहून जास्त होईल. सायकल अंगाला चिकटून हवी. भरलेली बादली अंगालगत धरली तर नेता येते, हात लांब करून धरली तर खांदा भरून येतो, तसंच. किंवा उचलूच नका, सायकल मागच्या चाकावर उभी करा, हँडल छातीशी धरा आणि मागचं चाक पायऱ्यांवरून एकेक करून वर चढवत न्या. जमायला थोडा सराव लागतो पण खांद्यावर भार शून्य. उतरताना मागचा ब्रेक हाताशी ठेवा.

आता महत्त्वाचं. हाताला मुंग्या येतात का? येत असतील तर कुठल्या बोटांना? अंगठा आणि तर्जनीत असेल तर सहाव्या नसेचा, म्हणजे मानेचा संशय जास्त, तुमच्या मणक्याशी ते जुळतंही. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात, आणि तेही फक्त सायकल चालवताना येत असेल तर पुष्कळदा कारण तळहातात असतं, हँडलवर करंगळीच्या बाजूचा तळवा दाबला जाऊन तिथली नस चेपते. लोक मानेवर उपचार घेत राहतात आणि हँडल तसंच ठेवतात.

हातातली ताकद कमी होणं, वस्तू सुटणं, बटणं लावताना बोटं न ऐकणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा कमी होणं, यातलं काहीही असेल तर सायकल बाजूला ठेवून लगेच डॉक्टर. हे कुणीही अंगावर काढू नका.

चढउतार

मणकेदार यांचा मुद्दा मान्य आहे पण सगळ्या रोड बाइक एका मापात मोजू नका. रेससाठी बनवलेल्या वेगळ्या आणि लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या एन्ड्युरन्स वेगळ्या, त्यांची पुढची नळी उंच असते आणि हँडल जवळ येतं. कंपन्या प्रत्येक साइझचे स्टॅक आणि रीच असे दोन आकडे देतात. पेडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीचं टोक किती उंच तो स्टॅक आणि किती पुढे तो रीच. स्टॅकला रीचने भागा. १.४ च्या आसपास आलं तर बरंच वाकावं लागणार, १.५५ च्या वर आलं तर पाठ बरीच सरळ. दुकानदाराने काहीही सांगू दे, हे आकडे खोटं बोलत नाहीत.

आणि वजनाचं म्हणाल तर चढावर साडेनऊ आणि साडेसोळात फरक नाही असं मला कुणी पटवू शकणार नाही.

दोनचाकी

चढउतार, फरक आहे, पण केवढा ते मांडून बघू. चालवणारा ७० किलोचा आणि सायकल १५ ची, एकूण ८५. सायकल ११ ची झाली तर ८१, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडं कमी. अर्ध्या तासाचा खडा चढ साधारण दीड मिनिट आधी संपेल. सपाटीवर तर मुख्य विरोध हवेचा, तिथे चार किलो जाणवतही नाहीत. शर्यतीत दीड मिनिट म्हणजे खूप आहे हे कबूल, म्हणूनच तिथे उलट किमान वजनाचा नियम करावा लागला, २००० सालापासून ६.८ किलोच्या खालची सायकल यूसीआयच्या (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) शर्यतीत चालत नाही. पण ऑफिसला जाणाऱ्या आणि मान दुखणाऱ्या माणसाला हँडल तीन सेंटीमीटर वर आल्याने जे मिळेल ते त्या दीड मिनिटातून मिळणार नाही.

सायकल हातात घेऊन काम करणारा माणूस म्हणून अजून एक सांगतो. स्वस्त सायकलींवरचा पुढचा शॉकअप बघायला भारी वाटतो पण एकटाच अडीच किलोपर्यंत भरतो. साधा सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) किलोभराचा. म्हणजे शॉकअप नसलेली सायकल घेतली की दीड किलो तिथेच गेलं. जाड टायर, स्टँड, लोखंडी कॅरिअर, कुलूप, सीटखालची पिशवी, पाण्याची भरलेली बाटली, हे सगळं धरून तीन-चार किलो सहज होतात. जिना चढायच्या आधी बाटली आणि कुलूप काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाका, शक्य असेल तर कुलूप ऑफिसच्या स्टँडलाच लावून या.

वेलांटी

पण शॉकअप नसेल तर खड्ड्यांचे धक्के थेट मानेत नाही का जाणार? मला तर तीच भीती वाटते. माझ्या बहिणीने त्याच कारणाने शॉकअपवाली घेतली.

दोनचाकी

वेलांटी, रास्त शंका. पण रस्त्याची बारीक थरथर मानेला जास्त छळते आणि ती हे साधे शॉकअप घेतच नाहीत, ते फक्त मोठ्या खड्ड्याला दबतात. थरथर घेतो टायर. ३८-४० मिलिमीटरचा टायर आणि त्यात बेताची हवा हा सगळ्यात हलका शॉकअप. लोक टायरच्या कडेवर छापलेला आकडा बघून तेवढी हवा ठासून भरतात, तो जास्तीत जास्त किती चालेल याचा आकडा असतो. साठ-सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ४० ते ५० पीएसआय पुष्कळ झाली. हवा कमी करून एकदा त्याच रस्त्याने जाऊन या, पैसे लागत नाहीत. फार कमी नको, ट्यूब रिमवर चेपून पंक्चर होईल.

आणि कोपरं. हात सरळ ताठ ठेवले की धक्का हातातून थेट खांद्यात जातो. कोपर सैल वाकवलेलं असलं की निम्मा धक्का तिथेच मरतो.

निवृत्त_पेडल

सर्वांना नमस्कार. वय ६८. मी एकदम उभं बसायची सायकल वापरतो, हँडल मागे आपल्याकडे वळलेलं. मान इकडेतिकडे आरामात वळते, मला तरी यापेक्षा सुखाची सायकल माहीत नाही. तरुणांनी हिला म्हाताऱ्यांची सायकल म्हणून नाक मुरडू नये.

सैलचेन

काका, नाक कोण मुरडतंय, माझी आईपण तसलीच वापरते. फक्त एक आहे, पूर्ण उभं बसलं की सगळं वजन सीटवर येतं आणि धक्का मणक्यातून सरळ वर. ज्यांची कंबरही दुखते त्यांना हे सोसत नाही. माझ्या कंबरेला किंचित पुढे झुकलेलं बरं वाटतं. मधली जागा शोधावी लागते, आणि ती प्रत्येकाची वेगळी.

निवृत्त_पेडल

कंबरेचं म्हणता ते योग्य. माझ्या सीटखाली स्प्रिंग आहेत म्हणून चालून जात असावं.

टिवल्याबावल्या

अवांतर: मान दुखत असेल तर रिकम्बंट का नाही? आडवं पडून पाय पुढे करून चालवायची. आराम करता करता व्यायाम!

चढउतार

अवांतराला अवांतर: त्या सायकलींची गोष्टही मजेदार आहे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच सायकलपटूने असल्याच आडव्या सायकलवर तासाभराचा विक्रम मोडला, ४५ किलोमीटरच्या वर गेला. त्या काळच्या अव्वल सायकलपटूंमध्ये त्याचं नावही नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, यूसीआयने शर्यतींसाठी सायकलची व्याख्याच अशी केली की ही बाद झाली. मानेसाठी मात्र ती नेहमीच चांगली असं नाही, फार मागे रेललं तर समोर बघायला डोकं उचलून धरावं लागतं, मग डोक्याला टेका हवा. आणि दुसऱ्या मजल्यावर ती चढवायची म्हणजे दोन माणसं लागतील.

मानेचाच विषय निघालाय तर, अमेरिका आडवी पार करायची जी शर्यत आहे त्यात काही जणांच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोकं वर धरताच येत नाही, हनुवटी छातीवर पडते. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर यांना हे झालं, तेव्हापासून त्याला शर्मर्स नेक म्हणतात. दिवसेंदिवस सायकलवर बसणाऱ्यांनाच होतं ते, आपल्याला घाबरायचं कारण नाही, पण मान पूर्ण वेळ किती काम करत असते हे त्यातून कळतं.

वेलांटी

बापरे. हे माहीतच नव्हतं.

मणकेदार

चढउतार, भारी माहिती. धाग्यावर परत येतो. सायकल न बदलता करता येणाऱ्या काही गोष्टी, ज्यांनी मला फरक पडला:

आरसा. हँडलच्या टोकाला लावायचा छोटा गोल आरसा. मागचं बघायला मान वळवणं हाच माझ्यासाठी सगळ्यात त्रासाचा भाग होता. वळायच्या आधी एकदा मागे बघावंच लागतं, पण दर मिनिटाला मान फिरवणं थांबलं.

हेल्मेटचं पुढचं छप्पर काढून टाका. ते नजरेच्या आड येतं म्हणून नकळत मान अजून वर जाते. चष्मा असेल तर तो नाकावरून घसरणार नाही असा बसवून घ्या, घसरला की काचेतून बघायला हनुवटी वर जाते, तोच प्रकार.

सीटचं टोक खाली झुकलेलं नको. झुकलेलं असलं की आपण पुढे घसरत राहतो आणि सगळा वेळ हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो, खांदे कानाला लागतात. सीट आडवी सपाट करा.

आणि पाठीवरची जड सॅक. कॅरिअरवर टाका, सायकल जड झाली तरी चालेल.

सैलचेन

सॅकचं शंभर टक्के. पण मग दोनचाकी म्हणाले तसं कुलूप-बाटली सॅकमध्ये... ते फक्त जिन्यापुरतं समजायचं ना?

दोनचाकी

हो, फक्त जिन्यापुरतं.

ऊनसावली

मणकेदार यांनी छान लिहिलंय. त्यात भर, हनुवटी सरळ मागे ओढायचा व्यायाम (वर-खाली न करता) आणि दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे आणायचा व्यायाम, सिग्नलला थांबल्यावर दोन-चार वेळा केला तरी चालतो. चालवताना अधूनमधून खांदे कानापासून खाली सोडा. कळ हातात उतरायला लागली तर मात्र व्यायाम थांबवून दाखवून घ्या.

आणि पिंपळपान, दुसऱ्या दिवशी सकाळी आखडतं म्हणालात ना, मग दुकानासमोर दोन फेऱ्या मारून निर्णय घेऊ नका. अर्धा-पाऊण तास चालवायला मिळाली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायला हवं.

चढउतार

अर्धा तास चालवायला देणारा दुकानदार मिळाला तर त्याच्याकडूनच घ्या.

टिवल्याबावल्या

ई-सायकल कुणी सुचवली नाही अजून?

दोनचाकी

जिना आहे ना. बहुतेक ई-सायकली १८ ते २५ किलो भरतात. खाली ठेवायची सोय असेल तर मानेसाठी वाईट नाही, चढावर हँडल ओढून जोर काढावा लागत नाही. इथे नको.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार, किती लिहिलंत. जमेल तसं एकेक करून बघितलं.

आधी वजनकाट्यावर सायकल घेऊन उभी राहिले, मग एकटी, आणि वजाबाकी केली. सायकल साडेसतरा किलो निघाली आणि त्यातले जवळजवळ दोन किलो कुलूप, पिशवी आणि बाटली. कुलूप आता ऑफिसलाच राहतं. मागच्या चाकावर चढवायची युक्ती पहिल्यांदा वळणावर अवघड गेली, आता जमतेय, आणि उजवा खांदा संध्याकाळी शांत असतो हे मला फार मोठं वाटतंय. मुंग्या करंगळीच्याच बाजूला येतात आणि फक्त सायकलवर, फिजिओलाही तसं सांगितलं, तिने तपासून ऊनसावली यांच्यासारखंच मत दिलं.

मग दोन्ही सायकली चालवून बघितल्या. रोड बाइक सुंदर आहे, चढउतार, तुम्हाला ती का आवडते ते कळलं, पेडल मारलं की निघतेच. पण अर्ध्या तासाच्या आतच मान बोलायला लागली. तिचं स्टॅक-रीचचं गणित १.४२ आलं. हायब्रीडचं १.५८, शॉकअप नाही, टायर ३८ चे. तिच्यावर फिरून आले, दुसऱ्या दिवशी सकाळी मान नेहमीसारखीच होती, जास्त काही नाही. तीच घेतेय. साडेनऊ किलोचा मोह सोडताना जिवावर आलं पण सध्याच्या सायकलपेक्षा ही साडेतीन-चार किलोने हलकीच आहे की.

आता शेवटचा प्रश्न. हँडल अजून दोनेक सेंटीमीटर वर हवंय. दुकानदार म्हणतो स्टेम (हँडल नळीला जोडणारा तुकडा) उलटा करून देतो. चालेल का, की मधे वर उचललेलं रायझर हँडल घालून घेऊ?

मणकेदार

अभिनंदन! आधी उलटाच करून बघा.

दोनचाकी

स्टेम सध्या खाली झुकलेला बसवलाय का ते बघा, तसा असेल तरच उलटा करून उपयोग. सहा अंशाचा १०० मिलिमीटरचा स्टेम उलटा केला की हँडल साधारण दोन सेंटीमीटर वर येतं, म्हणजे तुमचं काम तेवढ्यात होईल. नळीवर स्टेमच्या वरच्या बाजूला स्पेसरच्या रिंगा असतील तर त्याही खाली घ्यायला सांगा, अजून उंची मिळेल. फोर्कची वरची नळी मात्र कुणाला कापू देऊ नका, एकदा कापली की परत वाढत नाही. एवढ्याने भागलं नाही तर मग रायझर. आणि जमलं तर थोडा आखूड स्टेम बदलून मागा, ८० चा, हँडल जवळ येईल आणि तळहातावरचा भारही कमी होईल.

काम झाल्यावर दुकानातच हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, ब्रेकची किंवा गिअरची केबल ताणली गेली तर ती लांब घालून घ्यायची, तशीच घरी आणायची नाही. स्टेमच्या बोल्टवर किती आवळायचं ते छापलेलं असतं, बहुतेकांवर ५ न्यूटन मीटर, टॉर्क पान्यानेच आवळायला सांगा.

पिंपळपान

केबलचं लक्षातच आलं नसतं. लिहून घेतलं. टॉर्क पाना आहे का हे आत्ताच फोन करून विचारते.